आत्याच्या आधीचा अर्धविराम

एखाद्या विरामचिन्हाचा धसका घेतलेलं माणूस तुम्ही पाहिलं नसेल. मी आहे तशी. पूर्णविरामाचं मला काही वाटत नाही, प्रश्नचिन्हाशी तर जन्मभर भांडणाची का होईना ओळख राहिली. पण यादी लिहिताना अर्धविरामाची वेळ आली की आजही माझा हात थबकतो. साधी किराण्याची यादी असली तरी. सुना हसतात, म्हणतात, आईंचं पेन अडलं. हसू देत बापड्या. त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही.

आमचे बाबा हेडमास्तर होते. गाव सेलूपासून हिंगणीकडं जाणाऱ्या वाटेवरचं, आणि बाबांची शाळा त्याहून पुढं अर्ध्या कोसावर, दुसऱ्या गावात. माझ्या तीन धाकट्या भावांना घेऊन ते सकाळी भाकरी बांधून निघत ते दिवेलागणीला परत येत. बाबांचा दोन गोष्टींवर फार जीव. एक नियम आणि दुसरी विरामचिन्हं. खरं म्हणजे त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टी नव्हत्याच. मी एकोणीस वर्षांची होते, सातवी करून ट्रेनिंग झालेलं होतं आणि आमच्याच गावात मुलींचा वर्ग चालवत होते. म्हणजे बाई होते. गावातल्या म्हाताऱ्याही मला 'बाई' म्हणत, आणि त्या दोन अक्षरांनी माझं डोकं जरा वर चढलेलं होतं, हे कबूल करायला हवं.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण जवारी, साखर, रॉकेल, कापड, सगळं अजून कंट्रोलात होतं. कार्डावर मिळेल तेवढंच. कार्ड कोणाला द्यायचं, किती माणसांचं द्यायचं, हे गावच्या यादीवरून ठरे, आणि आदल्या वर्षीची यादी पटवाऱ्यानं केली होती. त्यानं काय केलं, तर सगळं गाव एका दमात लिहून काढलं होतं, नुसते स्वल्पविराम देत. घरधनी, बायको, मुलगा, मुलगी, पुढचा घरधनी, त्याची आई, त्याची तीन मुलं, शेजारचा बिनलग्नाचा पहिलवान, पलीकडच्या घरातली सासू. एक घर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, ते त्या पटवाऱ्यालाच ठाऊक. वर्ध्याच्या कचेरीतल्या कारकुनानं आपल्या अकलेनं घरं पाडली, आणि आमच्या पहिलवानाला तीन मुलं आणि एक सासू मिळाली. वर्षभर तो पाच माणसांची साखर उचलत होता. एका शब्दानं त्यानं तक्रार केली नाही. उलट सासू बरी आहे का म्हणून कोणी विचारलं की म्हणे, "बरी हाये, गोड खाते."

बाबांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांना धक्काच बसला. तीन लेकरांच्या घराला दोन माणसांची साखर मिळाली म्हणून तर बसलाच. पण सरकारी कागदात इतकी साधी चूक राहू शकते, याचा जास्त. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं. घरी फळा होता आमच्याकडं, न्हाणीघराच्या भिंतीवर.

"एका नगाच्या पोटात स्वल्पविराम आला," बाबा म्हणाले, "की दोन नगांच्या मधे स्वल्पविराम चालत नाही. तिथं अर्धविरामच पाहिजे. नाहीतर कोण कोणाचं, ते वाचणाऱ्याला कळणार कसं? स्वल्पविराम म्हणजे घरातल्या दोन खोल्यांमधला उंबरा. अर्धविराम म्हणजे दोन घरांमधली भिंत. उंबरा ओलांडता येतो. भिंत ओलांडायची नसते."

मग ते तहसीलदाराला भेटले, आणि त्या वर्षीची यादी करायचं काम आमच्या घरी आलं. बाबांना वेळ नव्हता, म्हणून लिहायचं मी.

नियम असा होता: एक चूल, एक घर. एका आवारात चार भाऊ राहोत, त्यांचं एका चुलीवर शिजत असेल तर ते एक घर, एक कार्ड. चुली वेगळ्या असतील तर वेगळी घरं, वेगळी कार्डं. आणि रॉकेल-कापड माणसांवर नाही, कार्डामागं मिळे. नियम कळायला गावाला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन फिरू लागले तर काय, गावात चुलींचं पीक आलेलं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या एक चूल होती तिथं तीन-तीन. नवरा-बायकोंनी चुली वेगळ्या केल्या. एका माउलीनं मला गोठ्यातली चूल दाखवली, तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. "हे सासूबाईची," म्हणाली. मी विचारलं, सासूबाई कुठं शिजवतात मग? तर म्हणे, "कोंबडी उठली का शिजवतीन." मी हसत नव्हते. मला धक्के बसत होते, एकामागून एक. ज्या बायका माझ्याजवळ देवाधर्माच्या गोष्टी करत त्या तोंड वर करून खोटं बोलत होत्या, आणि वरून मला ताक पाजत होत्या.

म्हणून बाबांनी युक्ती काढली. यादी पक्की होण्याआधी चावडीवर वाचायची, सगळ्या गावासमोर. जिथं अर्धविराम येईल तिथं कोतवालानं काठी जमिनीवर आपटायची, म्हणजे अडाणी माणसालाही कळेल की इथं एक घर संपलं. कोणाची चूल खोटी असेल तर शेजारी उठून सांगतीलच. आमच्या गावात त्या कामाला माणसं कमी नव्हती.

आता आमच्या घराचं. घरात बाबा, आई, मी, तिघे भाऊ; आणि आत्या.

आत्या बाबांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. सासरच्यांनी तिला गाडीतून आणून दारात उतरवलं आणि गाडी फिरवली, एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हापासून ती आमच्याकडं. बाबा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मला तिनं वाढवलं. आई शेतावर, बाळंतपणात, आजारपणात असे तेव्हा माझी वेणी आत्या घालायची, माझं नाक आत्या पुसायची. मागच्या पडवीत तिची जागा होती, आणि तिथं तिची चूल. आमच्या घरात सोवळं कडक होतं, म्हणजे तिच्यापुरतं कडक होतं. आम्ही बाकीचे वाटेल तसे वागायचो. तिनं आमच्या चुलीवरचं खायचं नाही, स्वतः आंघोळ करून, सोवळ्यानं, स्वतःचं शिजवून, दिवसातून एकदा जेवायचं. आई दर महिन्याला तिची जवारी, तांदूळ, डाळ तिच्या डब्यात मोजून देई. हे इतकी वर्षं चाललं होतं की घराला दार आहे तसं ते होतं. कोणी त्याकडं पाहत नसे.

आमचं घर वहीत लिहायची पाळी आली तेव्हा मी क्षणभरही अडले नाही. बाबा, वय, हेडमास्तर, त्यांची पत्नी, एक मुलगी, तीन मुलगे. असा अर्धविराम दिला आणि पुढं आत्याचं नाव लिहिलं, वय, विधवा, एकटी. चूल वेगळी, घर वेगळं. त्यात खोटं काहीच नव्हतं. शिवाय मला आनंद झाला होता. आत्याला स्वतःचं कार्ड मिळणार होतं! कोणाच्या नावाखाली नाही, स्वतःच्या नावाचं. एकोणीस वर्षांच्या मला ते फार मोठं वाटलं. तिला आधी सांगायचं नाही, चावडीवर ऐकू दे, असंही मी ठरवलं. बाबांनी वही पाहिली, त्या ओळीशी थांबले, आणि म्हणाले, "बरोबर आहे. नियम आपल्या घरापासून."

वाचनाच्या दिवशी चावडीसमोर अख्खं गाव. पुरुष पुढं, बायका लिंबाखाली. आत्या कधी चावडीकडं फिरकायची नाही, पण त्या दिवशी आली. भाची सगळ्या पुरुषांसमोर उभं राहून वाचणार, हे तिला पाहायचं होतं. आईच्या मागं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. मी वाचायला लागले. काठी पडत होती. ठक. ठक. दर काठीला माणसं माना डोलवत, मधेच कोणी ओरडे, "खोटी हाये ते चूल!" आणि हशा पिके. कोंबडीच्या चुलीला तर गाव पाच मिनिटं हसलं.

मग आमचं घर आलं. मी आवाज जरा चढवला. बाबा, आई, मी, तिघे भाऊ. कोतवालानं काठी आपटली. आणि मी आत्याचं नाव वाचलं.

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून विचारलं, "मास्तर, बहिणीले वेगळं काहाडलं काय?"

बाबा उभे राहिले. "वेगळं काढलेलं नाही. आमच्याकडे चुली दोन आहेत, आजच्या नाहीत, पस्तीस वर्षांच्या आहेत. कोणालाही शंका असेल त्यानं केव्हाही येऊन पाहावं."

मी पुढं वाचू लागले. पण वाचताना लिंबाखाली नजर गेली. आत्यानं पदर खाली ओढला होता, हनुवटीपर्यंत. आई तिच्याकडं नाही, माझ्याकडं पाहत होती, आणि ती नजर अशी होती की माझी एक ओळ चुकली. कौतुकाची नजर नव्हती ती. मी काही भयंकर करून बसले आहे, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. का, ते मला कळेना.

संध्याकाळी पडवीत गेले तर आत्या अंधुक उजेडात वाती वळत बसलेली. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "काऊन वो पोरी, मले काऊन काहाडलं?"

"काढलं नाही आत्या. तुझं स्वतःचं कार्ड होईल. कोणाच्या हाताकडं बघायला नको."

"मले नाई पाह्यजे. माह्यं नाव तुह्या बापाच्या खाली असू दे. पुसून टाक ते."

मग मी तिला समजावू लागले. कसं समजावलं असेन, याची आता आठवण झाली तरी कानशिलं तापतात. वर्गातल्या मुलीला समजावावं तसं. चूल म्हणजे घर, घर म्हणजे कार्ड, स्वल्पविराम कुठं, अर्धविराम कुठं. ती ऐकत राहिली. एकदा तोंड उघडलं, बोलणार असं वाटलं, आणि परत मिटलं. शेवटी म्हणाली, "त्याईनं एकदा काहाडलं व्हतं. आता तुमी." एवढंच. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी चक्रावले, आणि खरं सांगते, थोडी रागावलेही. तिचं भलं करायला जावं तर हे. यादीच्या तीन प्रती झाल्या होत्या, वर्ध्याला निघाल्या होत्या, आता काही होत नाही, असं म्हणून मी उठले.

तीन आठवड्यांनी वर्ध्याहून पुरवठ्याचा इन्स्पेक्टर आला. नागपूरकडचा माणूस, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा, खाकी कोट, आणि उजव्या हाताची बोटं काळी. त्याची रीत एकच. दुपारच्या वेळी घरात शिरायचं, कोणाला काही विचारायचं नाही, थेट चुलीपाशी बसायचं आणि राखेत हात घालायचा. गरम लागली तर खरी चूल. गार लागली तर राख चिमटीत घेऊन पाहायचा, ताजी की जुनी. "राख झूठ नहीं बोलती, बाई," असं मला म्हणाला. तो आल्याची बातमी गल्लीतून गल्लीत गेली आणि भरदुपारी गावात नुसता धूर. जिकडं तिकडं बायका ओल्या लाकडांवर फुंकर मारताहेत, डोळे लाल. पण पेटवलेली चूल आणि शिजवलेली चूल त्याला लांबून कळे. पहिल्याच तासात त्यानं अकरा चुली खोडल्या. बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती. ते आणि मी वही घेऊन त्याच्याबरोबर होतो, आणि दर खोडलेल्या चुलीला बाबांचा चेहरा उजळत होता.

आमच्या दारापाशी तो म्हणाला, "गुरुजी, आपका तो देखने की जरूरत नाही."

"नाही नाही," बाबा म्हणाले. "पाहिलंच पाहिजे. आमच्यापासून सुरू करायला हवं होतं."

आईची चूल गरम होती. तो मागं पडवीत आला. आत्या पाटावर माळ घेऊन बसली होती. त्याला पाहून अंग चोरून उठली. त्यानं वाकून नमस्कार केला, विचारलं, "मांजी, जेवण झालं?"

"हाव. झालं."

"काय केलं व्हतं आज?"

"खिचडी."

तो चुलीपाशी बसला. चूल सारवलेली, कडेनं रांगोळीची बोटं ओढलेली, देवघरासारखी स्वच्छ. त्यानं आत हात घातला आणि तसाच ठेवला. मग बाहेर काढून आमच्यासमोर उघडला. बोटांना काही लागलेलं नव्हतं, आधीचं काळं तेवढं होतं. आत राखच नव्हती. कोपऱ्यातल्या सरपणावर त्यानं बोट फिरवलं, बोटाला कोळ्याचं जाळं आलं. तो सावकाश उठला, बाबांकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, आप भी?"

बाबा वाकून त्या रिकाम्या चुलीत बघू लागले. त्यांना मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं. मी चुलीपाशी गुडघे टेकले आणि स्वतः आत हात घातला, मूर्खासारखा. गार माती. माझा विश्वासच बसत नव्हता. रोज जिच्यावर तिचं शिजतं म्हणून मी सरकारला लिहून दिलं, गावाला वाचून दाखवलं, त्या चुलीत मी महिनोन्‌महिने एकदाही डोकावले नव्हते. आईच्या चुलीपासून चार पावलांवर होती ती.

बाबांची शुद्ध भाषा गळून पडली. "आक्का," ते म्हणाले, "चूल कवापासून नाई पेटली?"

आत्या खाली बघत होती. "पोयापासून."

पोळा. म्हणजे श्रावणाचा शेवट. आता होळी आठ दिवसांवर आली होती.

इन्स्पेक्टरला काहीतरी उमगलं असावं. त्यानं माझ्या हातातली वही घेतली, आमच्या घरापाशी पेन्सिलीनं काहीतरी केलं, वर्ध्याची प्रत मी दुरुस्त करतो म्हणाला, आणि पाणीही न घेता निघून गेला. खोट्या चुलींच्या यादीत त्यानं आमचं घर घातलं नाही. पुढं वही पाहिली तर अर्धविरामाच्या वरचा ठिपका त्यानं नीट खोडलेला होता.

तो गेल्यावर आत्या एकदम बाबांच्या पायाशी बसली. "माह्याच्यानं चुकलं, भाऊ. मी सोवळं मोडलं. मी तुमच्या चुलीवरचं खाल्लं. उरलंसुरलं, टोपल्याखालचं. कोनाले दिसू देल्लं नाई. चावडीवर मले वरडावं वाटे, का माही चूल वेगळी नाई म्हनून, पन सांगू कशी?"

बाबांना धक्का बसला होता तो वेगळाच होता, आणि तिला वाटत होतं की तो सोवळ्याचा आहे. तेच तिचं पाप. सहा महिने अर्धपोटी राहिली, याचं तिला काही नव्हतंच. "जवारी पुरत नवती," ती सांगत होती, "पोट्टे वाढत्या अंगाचे. मी डब्यातलं परत कोठीत टाकत गेली. मले म्हातारीले कितीक लागते?"

म्हातारी! पन्नाशीही उलटली नव्हती तिची.

बाबा जमिनीवर बसले. सोवळ्याचा नियम घरात पाळायला लावणारे तेच, आजोबांच्या मागं त्यांनीच तो चालवला होता. नियमावर बोट ठेवून त्यांनी गावातल्या अकरा चुली त्या दिवशी खोडायला लावल्या होत्या. बहिणीचे दोन्ही हात त्यांनी धरले आणि ते लहान मुलासारखे रडले. "आक्का, तुह्या सोवळ्याले आग लागो," म्हणाले. त्यांच्या तोंडून शिवी मी तेवढी एकदाच ऐकली. त्या संध्याकाळी आत्या आमच्या पंगतीत बसली. भिंतीकडं तोंड करून बसली. पस्तीस वर्षं एकटीनं जेवलेली बाई, तिला लोकांसमोर घास उचलता येईना. बाबांनी भावांना दटावून ताटाकडं बघायला लावलं, आणि आम्ही सगळे आपापल्या ताटात डोकी घालून जेवलो.

माझा राग मात्र कुठं तरी निघायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भांडी घासताना मी आईवर उसळले. चावडीवरची तिची नजर मी विसरले नव्हते.

"तुला ठाऊक होतं!"

"हाव," आई म्हणाली. राखेनं तवा घासत राहिली. "कोठीतली जवारी कमी व्हावी तेवढी होत नवती. मग समजलं मले."

"आणि तू गप्प बसलीस? सहा महिने? बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर वन्संनी शरमेनं तेही सोडलं असतं. मी रोज एक भाकर जास्त थापू लागली. टोपल्याखाली ठेवून मी मुद्दाम शेताकडं निघून जात होती. त्याइचा जप दोन वाजता उरके, मंग त्या घेत. मी पाहत नवती, आन्‌ त्याइले वाटे का मले माहीत नाई."

मला जरा हायसं वाटलं. वाटलं, म्हणजे एक भाकरी तरी रोज मिळत होती तिला. तसं मी बोलूनही दाखवलं.

आई तवा घासायची थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग विहिरीकडं पाहिलं.

"रोज नाई," म्हणाली.

"का? कोण घेत होतं?"

तिनं तवा पुन्हा हातात घेतला. मी परत विचारलं, बाईच्या आवाजात विचारलं, कोण घेत होतं म्हणून. "तुले सांगितलं असतं," ती शेवटी म्हणाली, "तर तू विचारलं असतं, कोनासाठी ठेवली. मंग काय सांगू?"

माझा मुलींचा वर्ग एक वाजता सुटायचा. घरी आले की मला कडकडून भूक लागलेली असायची. घरात आई नसायची. मी टोपलं उचलायची, खाली एक भाकरी असायची, आणि मी ती घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची, कारण तिथं सावली होती आणि आत्या होती. आठवड्यातून तीनदा, चारदा, कधी रोज. आत्याचा जप चाललेला असे. मला पाहिलं की ती माळ खाली ठेवायची, उठायची, बरणीतली जवसाची चटणी काढून त्यावर तेल घालून मला द्यायची. आणि मी जेवत असताना समोर बसून विचारायची, आज पोरींना काय शिकवलं. मी तोंडात घास असताना सांगायची. एकदा मी कुरकुरले होते की एका भाकरीनं काही होत नाही, तर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली होती, "तुह्या मायले सांगतो, उद्यापासून दोन ठेवजो म्हणून."